आधी ऊन बघा, मग खिडकी: सोलापुरात पहिल्यांदा घर बांधणाऱ्यांसाठी

घर बांधायला काढलं की खिडकीचा विषय फार उशिरा निघतो. पायाला किती स्टील, स्लॅबला कुठलं सिमेंट, हॉलला कुठली फरशी, यावर घरात महिनाभर खल चालतो. प्लास्टर संपत आलं की मिस्त्री म्हणतो, "साहेब, खिडक्यांचं बघा आता," आणि आपण गडबडीत एखाद्या अ‍ॅल्युमिनियमच्या दुकानात जाऊन बसतो. तिथं पहिल्यांदा हातात येतात ते काचेचे तुकडे. निळी घ्यायची का काळी, इथून सुरुवात होते.

मीही असाच बसलो होतो. जुळे सोलापुरात घर बांधलं तेव्हा हॉलला पश्चिमेकडे सहा बाय साडेचारची स्लायडिंग खिडकी घेतली, काळ्या काचेची. रस्त्यावरून फार देखणी दिसायची. पहिल्याच एप्रिलमध्ये दुपारी चारनंतर त्या हॉलमध्ये कुणी बसेना. काचेला हात लावला तर तव्यासारखी. आई म्हणायची, "खिडकी लाव की रे, झळा यायल्यात." खिडकी लावलेलीच होती.

पुढे धाकट्या भावाचं आणि मेव्हण्याचं घर झालं, तेव्हा आपली चूक त्यांच्याकडे होऊ नये म्हणून जरा लक्ष घातलं. दुकानात खिडकी ज्या क्रमाने विकतात, त्याच्या उलट्या क्रमाने ती निवडावी लागते, हे तेव्हा उमगलं. आधी दिशा, मग सावली, मग उघडण्याची तऱ्हा, मग चौकट. काचेचा रंग सगळ्यात शेवटी. पहिल्या तीन गोष्टी भिंती चढायच्या आत ठरल्या तर फुकटात होतात. नंतर त्याच गोष्टींना तोडफोड लागते.

पायरी १: नकाशा घेऊन प्लॉटवर जा, दुपारी साडेचारला

सकाळी प्लॉट बघायला सगळेच जातात. तुम्ही दुपारी साडेचारला जा, जमल्यास मार्च ते मे या काळात. नकाशात जिथं खिडकी दाखवलीय तिथं उभे राहा आणि ऊन कुठून येतंय ते बघा. पश्चिमेला शेजाऱ्याची दोन मजली इमारत असेल तर तुमचं नशीब चांगलं. रिकामा प्लॉट असेल तर पुढचं नीट वाचा.

सोलापूर साधारण १७.७ उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मेच्या दुसऱ्या आठवड्यात एक दिवस असा येतो, की दुपारी साडेबाराच्या जरा अलीकडे सूर्य बरोबर डोक्यावर असतो आणि उभ्या काठीची सावली पडत नाही. तिथून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेलाच असतो. भूगोलाच्या तासाला हे पाठ करून विसरलेलो असतो, पण खिडकीचा सगळा हिशेब यातूनच निघतो.

दक्षिणेच्या खिडकीला लोक उगाच घाबरतात. ऐन मेमध्ये दक्षिणेच्या भिंतीवर दुपारचं ऊन जवळजवळ येतच नाही, कारण सूर्य वर असतो. वर दोन फुटांचा छज्जा असला की मार्च-एप्रिलचं ऊनही तो अडवतो. डिसेंबर-जानेवारीत भर दुपारी सूर्य दक्षिणेकडे साधारण ५० अंशांवर असतो. तेव्हा छज्ज्याखालच्या सव्वादोन-अडीच फुटांवर सावली राहते आणि चार फुटी खिडकीच्या खालच्या भागातून ऊन आत येतं. जानेवारीतल्या गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत हेच ऊन हवंहवंसं वाटतं. थोडक्यात, छज्जा नीट असेल तर दक्षिणेची खिडकी ही आपल्याकडची शहाणी खिडकी आहे.

पूर्वेचं ऊन सकाळचं. एप्रिलमध्ये साडेआठ-नऊलाच चटका बसायला लागतो, पण तोवर रात्रभर गार झालेली भिंत ते सोसते. स्वयंपाकघर, देवघर, मुलांची खोली पूर्वेला चालते. उत्तरेचा उजेड सगळ्यात चांगला. मात्र मे-जूनमध्ये सूर्य ईशान्येच्या बाजूला उगवतो आणि वायव्येकडे मावळतो, त्यामुळे सकाळ-संध्याकाळ तिरकं ऊन उत्तरेच्या खिडकीतही शिरतं. त्यासाठी खिडकीच्या पश्चिम कडेला भिंतीतून फूट-सव्वा फूट बाहेर येणारी उभी फडी काढली तरी पुरतं.

आता पश्चिम. दुपारी साडेचारला सूर्य क्षितिजापासून ३० अंशांच्या आसपास खाली आलेला असतो. दोन फुटांचा छज्जा त्या वेळी काचेवर सव्वा फुटाच्या आतच सावली देतो. चार फुटी खिडकीतली पावणेतीन फूट काच सरळ उन्हात. छज्जा चार फुटांचा केला तरी पावणेदोन फूट काच उघडीच राहते आणि पाच वाजता तर तोही उपयोगाचा नाही. पश्चिमेचं ऊन वरून येत नाही, समोरून येतं. त्याला आडवं छप्पर चालत नाही, समोर आडोसाच लागतो.

मग पश्चिमेला खिडकीच नको, असं तुम्ही म्हणाल. भावाने तेच ठरवलं होतं. पण उन्हाळ्यात संध्याकाळी आणि पावसाळ्यात वारा येतो तो पश्चिमेकडूनच, कधी नैर्ऋत्येकडून, कधी वायव्येकडून. ऊन आणि वारा दोन्ही एकाच दारातून येतात, ही सोलापूरच्या घराची खरी गोची आहे. पश्चिम बंद केली तर रात्री पंखा फक्त गरम हवा फिरवत बसतो. शेवटी त्याच्या बेडरूमला पश्चिमेकडे एका मोठ्या खिडकीऐवजी दोन अरुंद उभ्या खिडक्या ठेवल्या. दीड फूट रुंद, साडेचार फूट उंच, पूर्ण उघडणाऱ्या, भिंतीत आत घेतलेल्या, बाहेरून झाकता येणाऱ्या. माझ्या हॉलपेक्षा त्याची बेडरूम आजही गार असते आणि हे तो येता-जाता ऐकवतो.

वास्तूचं विचाराल तर पूर्वेला आणि उत्तरेला जास्त उघडं ठेवा, पश्चिमेला कमी, एवढ्यापुरतं तरी वास्तुवाले आणि ऊन यांचं एकमत आहे. घरातल्या मोठ्यांशी वाद घालायची गरज पडत नाही.

पायरी २: माप ठरवा, पण "उघडं माप" धरा

खिडकी चार बाय चारची, म्हणजे सोळा चौरस फूट, असं आपण म्हणतो. वारा तसं म्हणत नाही. दोन पल्ल्यांची स्लायडिंग असेल तर एक पल्ला दुसऱ्याच्या मागे सरकतो आणि निम्मीच जागा मोकळी होते.

केंद्र सरकारच्या ऊर्जा मंत्रालयाने २०१८ मध्ये घरांसाठी "इको निवास संहिता" आणली. तिच्यात उष्ण-कोरड्या हवामानासाठी उघडणाऱ्या भागाचं प्रमाण चटईक्षेत्राच्या किमान १० टक्के सांगितलं आहे. बिजागरीवर उघडणाऱ्या खिडकीचा ९० टक्के भाग उघडा धरायचा, दोन पल्ल्यांच्या स्लायडिंगचा ५० टक्के, तीन पल्ल्यांच्या स्लायडिंगचा ६७ टक्के. संहितेतला हिशेब अख्ख्या घराचा असतो, पण खोलीवार लावून बघितला की डोळे उघडतात.

दहा बाय बाराची बेडरूम घ्या. १२० चौरस फूट, म्हणजे उघडा भाग १२ चौरस फूट हवा. चार बाय चारची स्लायडिंग देते ८. तीन पल्ल्यांची पावणेअकरापर्यंत जाते. तेवढ्याच मापाची बिजागरीची खिडकी देते १४ च्या वर. भिंतीत भोक तेच, छज्जा तोच, ग्रिल तीच. फरक फक्त उघडण्याच्या तऱ्हेचा.

आणि वाऱ्याला आत यायला एक वाट लागते, तशी बाहेर जायलाही लागते. एकाच भिंतीत दोन मोठ्या खिडक्या ठेवण्यापेक्षा समोरासमोर किंवा काटकोनातल्या भिंतींत दोन लहान बऱ्या. दुसऱ्या बाजूला खिडकी शक्य नसेल तर दारावर किंवा छताजवळ झरोका ठेवा. आपल्या जुन्या माळवदाच्या घरांत भिंती हात-दीड हात जाड, खिडक्या लहान आणि वर माळवदाला सवणं, म्हणजे छतातलं भोक, असायचं. गरम हवा वर चढून तिथून निघून जायची. आता सवणं ठेवा म्हणत नाही, पण झरोका हा शब्द नकाशातून गेलाच आहे, तो परत आणायला हरकत नाही.

उंचीचं थोडक्यात. सर्वसाधारण खोलीत जमिनीपासून तीन फुटांवर खिडकी सुरू होते आणि सात फुटांवर लिंटेल, म्हणजे खिडकीवरची आडवी तुळई, येते. बेडरूममध्ये खालची पातळी अडीच फुटांवर आणली तर वारा पलंगावर येतो. तीन फुटांवर ठेवली तर तो झोपलेल्या माणसाच्या वरून निघून जातो. स्वयंपाकघरात ओट्यापेक्षा सहा-आठ इंच वर ठेवा, आणि सिंकसमोर आत उघडणारी खिडकी अजिबात घेऊ नका. पल्ला नळावर आपटतो. हे सगळ्यांना खिडकी बसल्यावर कळतं.

भिंत बांधतानाच बघायची आणखी एक गोष्ट: खिडकी खोलीच्या कोपऱ्याला चिकटवू नका, निदान दोन फूट भिंत सोडा. ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट इथल्या जुन्या लोकांना अजून आठवते. भूकंपात खिडकीचे कोपरे हीच भिंतीची दुबळी जागा असते. शिवाय आपली बरीचशी जमीन काळी. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. पाया उथळ राहिला की खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर निघते आणि मग कितीही महाग स्लायडिंग असो, पल्ला अडकायला लागतो. लिंटेलचा पट्टा सगळ्या भिंतींवरून सलग फिरवून घ्या. हे इंजिनिअरला सांगायची वेळ यायला नको, पण विचारून घ्या.

पायरी ३: सावली बाहेरून द्या

ऊन काचेतून आत आलं की ते आतल्या फरशीला, पलंगाला, भिंतीला तापवतं. मग आतून कितीही जाड पडदा लावा, उष्णता घरात आलेली असते आणि पडदा तापून तीच खोलीत सोडतो. आमच्या घरी पहिल्या उन्हाळ्यात हॉलच्या खिडकीला आतून चादर लावली होती. सोलापुरात चादरीला तोटा नाही. अंधार झाला, गारवा नाही झाला. तीच चादर ओली करून बाहेरून ग्रिलला बांधली तेव्हा फरक पडला. पण दर तासाला ओली कोण करणार?

कायमचे उपाय तीन-चार आहेत. बांबूची चीक (काड्यांचा पडदा) बाहेरच्या बाजूला, वर-खाली ओढता येईल अशी. छज्ज्यापासून खाली उतरणाऱ्या लोखंडी चौकटीत तिरक्या पट्ट्या. पश्चिमेच्या खिडकीपुढे फूटभर अंतर सोडून सिमेंटच्या जाळीच्या ठोकळ्यांची भिंत. आणि जागा असेल तर कडुलिंब. कडुलिंब मोठा व्हायला वर्षं लागतात हे खरं, म्हणून तो भूमिपूजनाच्या दिवशीच लावा, वास्तुशांतीला नको. भिंतीला चिकटून मात्र लावू नका, मुळं आणि फांद्या दोन्हींना जागा लागते. तोवर हिरवी नेट बांधून काम भागतं. दिसायला नर्सरीसारखं दिसतं, पण मेमध्ये दिसण्याचं कौतुक कुणाला?

छज्ज्याच्या खालच्या पृष्ठभागावर, बाहेरच्या कडेपासून इंच-दोन इंच आत, एक आडवी खाच ठेवायला गवंड्याला सांगा. पाणी त्या खाचेपाशी तुटून खाली पडतं. खाच नसेल तर ते छज्ज्याच्या पोटावरून वळून भिंतीवर आणि तिथून खिडकीत येतं.

पायरी ४: उघडणार कशी, आणि कधी

कोकणातल्या घराची खिडकी दिवसभर उघडी असते. आपली तशी नसते. इथं एप्रिल-मेमध्ये दुपारी पारा चाळिशी ओलांडतो आणि रात्री बराच खाली येतो. हवा कोरडी, म्हणून दिवस-रात्रीत एवढा फरक. घर गार ठेवायची जुनी रीत अशी: सकाळी नऊच्या आत सगळ्या खिडक्या लावायच्या, दिवसभर घर अंधारं ठेवायचं आणि दिवेलागणीनंतर बाहेरची हवा आतल्यापेक्षा गार लागायला लागली की सगळं उघडायचं. म्हणजे खिडकी दिवसा घट्ट लागली पाहिजे आणि रात्री पूर्ण उघडली पाहिजे. दोन्हींत स्लायडिंग मध्यम. पल्ल्याच्या कडेचा ब्रश झिजला की तिच्या फटींतून धूळ येते आणि उघडते निम्मीच.

तरीही स्लायडिंगची एक बाजू आहे, ती सांगितली पाहिजे. वळवाचा पाऊस आला की आधी सोसाट्याचा वारा आणि फुफाटा येतो. त्या वेळी घरात कुणी नसेल तर बिजागरीचे पल्ले भिंतीवर आपटून काचा जातात. स्लायडिंगला ती भीती नाही. गॅलरी किंवा अरुंद पॅसेजमध्ये बाहेर उघडणारा पल्ला येणाऱ्याजाणाऱ्याच्या कपाळाला लागतो, तिथंही स्लायडिंग बरी. बेडरूमला मात्र बिजागरीची घ्या आणि फ्रिक्शनची बिजागरी मागा. ती पल्ला हव्या त्या कोनात धरून ठेवते, वाऱ्याने सहज आपटत नाही.

आता कूलर. सोलापुरातल्या खिडकीबद्दल लिहायचं आणि कूलर विसरायचा, असं होणार नाही. आपली हवा कोरडी म्हणून कूलर इथं छान चालतो, मुंबईत तो नुसता दमटपणा करतो. पण कूलर बाहेरची हवा आत ढकलतो, त्यामुळे तेवढी हवा बाहेर जायला वाट लागते. खोली बंद करून कूलर लावला की तासाभरात चादर चिकटायला लागते. म्हणून कूलर कुठल्या खिडकीत बसणार हे नकाशावरच ठरवा. शक्यतो उत्तर किंवा पूर्व, म्हणजे तो सावलीत राहील. समोरच्या बाजूची दुसरी खिडकी वीतभर उघडी ठेवता आली पाहिजे. कूलरच्या खिडकीला तीन ट्रॅकची स्लायडिंग (दोन पल्ले काचेचे, एक जाळीचा) घेणार असाल तर जाळीचा पल्ला बाजूला सरकून कूलरचं तोंड मोकळं राहतं का ते बघा. चार फुटी खिडकीत दोन फूटच जागा उघडी होते, कूलर त्यापेक्षा रुंद निघाला तर वर्षानुवर्षं थर्माकोल कोंबत बसाल. स्टँडसाठी बाहेर ब्रॅकेट आणि जवळ प्लगपॉइंट प्लास्टरच्या आधी काढून घ्या. पाणी भरायची वाटही बघून ठेवा, रोज नळ न येणाऱ्या गावात बादल्या कुठून वाहणार हाही प्रश्न आहेच.

एसी एकाच खोलीला लावणार असाल तर त्या खोलीचा नियम वेगळा: खिडकी कमी आणि घट्ट.

पायरी ५: चौकट कशाची

इथं सगळ्यात जास्त विक्री होते आणि सगळ्यात जास्त गोंधळ.

लोखंडी झेड सेक्शनची (इंग्रजी झेडच्या आकाराच्या पट्ट्यांची) खिडकी आता गरिबाघरची समजतात. मला ती आवडते. बिजागरीची असते, दणकट असते, कुठलाही वेल्डर दुरुस्त करतो. समुद्रकाठी लोखंड लवकर गंजतं. आपल्या कोरड्या हवेत आधी रेड ऑक्साइड आणि वर तेलरंगाचे दोन हात दिले की ती वर्षानुवर्षं टिकते. फट मात्र राहते, एसीच्या खोलीला नको.

लाकूड उन्हाळ्यात आकसतं, पावसात फुगतं. सागवान परवडत असेल तरच लाकूड घ्या. जुने वाडे पाडतात तेव्हा निघालेली सागवानी कवाडं मिळाली तर सोडू नका, त्यांची आकसाआकशी कधीच संपलेली असते.

अ‍ॅल्युमिनियम सगळीकडे आहे. हलकं, गंजत नाही. सेक्शन जाड आणि पातळ असे येतात आणि दरातला निम्मा खेळ तिथंच असतो. "डोमल" म्हणून जो प्रकार सांगतात तो साध्यापेक्षा जाडजूड असतो. दुकानात नुसता शब्द ऐकू नका, कापलेला तुकडा हातात घेऊन जाडी किती मिलिमीटर आणि फुटाला वजन किती ते विचारा. अ‍ॅल्युमिनियम तापतं म्हणून घर तापतं असं यूपीव्हीसीवाले, म्हणजे कडक प्लास्टिकच्या खिडक्या विकणारे, सांगतात. धातूतून उष्णता प्लास्टिकपेक्षा कितीतरी पट जास्त जाते हे खरं आहे, पण चौकट हा खिडकीचा लहानसा भाग असतो. उन्हातली काच तशीच ठेवून चौकट बदलून फार काही हाती लागत नाही.

यूपीव्हीसी घट्ट लागते, धूळ आणि आवाज कमी करते. शहराच्या पूर्व भागात शेजारी यंत्रमाग असेल तर तिचे पैसे वसूल होतात. दोन गोष्टी तपासा. आत जीआयची (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाची) पट्टी भरलेली आहे का, नाहीतर मोठा पल्ला उन्हात वाकतो. आणि रंग पांढरा घ्या, गडद चॉकलेटी चौकट आपल्या उन्हात फार तापते. हे प्लास्टिक उष्णतेने अ‍ॅल्युमिनियमच्या तिप्पट पसरतं. पाच फुटी तुकडा हिवाळ्याच्या पहाटेपासून मेच्या दुपारपर्यंत तीनेक मिलिमीटर वाढू शकतो. म्हणून भिंत आणि चौकट यांत फट ठेवून ती फोमने आणि सिलिकॉनने भरावी लागते. सिमेंटने घट्ट चिणली तर चौकट फुगून पल्ला लागेनासा होतो.

पायरी ६: ग्रिल आणि जाळी

रात्रभर खिडकी उघडी ठेवायची तर चोराची आणि डासांची, दोन्ही भीती मिटली पाहिजे. भीती राहिली की माणूस खिडकी लावून झोपतो आणि वरचा सगळा हिशेब वाया जातो. म्हणून ग्रिलला शोभेची वस्तू समजू नका. दहा किंवा बारा मिलिमीटरचे चौकोनी बार घ्या, दोन बारांत चार इंचांपेक्षा जास्त अंतर नको, आणि लहान मूल चढेल अशी आडवी नक्षी खालच्या भागात नको. प्रत्येक मजल्यावर निदान एका खिडकीची ग्रिल आतून कुलूप काढून उघडता येईल अशी करा आणि किल्ली कुठं असते ते घरातल्या सगळ्यांना ठाऊक ठेवा. आग लागली तर दुसरी वाट तीच.

बिजागरीची खिडकी बाहेर उघडत असेल तर ग्रिल आत येते आणि जाळी त्याच्याही आत. मग पल्ला लावायला हात कसा घालणार? जाळी उघडणारी किंवा घडी होऊन सरकणारी हवी. हे कागदावर काढून बघा. जाळी स्टेनलेसची घेतली तर धुता येते. आपल्या धुळीने जाळी महिन्यात गच्च होते आणि मग डासांबरोबर वाराही बाहेरच राहतो.

पायरी ७: आता काच

इथपर्यंत आलात तर काच सोपी आहे. सावलीतल्या खिडकीला साधी पारदर्शक पाच मिलिमीटरची पुरते. उन्हात राहणाऱ्या खिडकीला दुकानदाराला रंग विचारू नका, "एसएचजीसी" किती ते विचारा. काचेवर पडलेल्या उन्हातली किती उष्णता आत येते, त्याचा तो आकडा. साध्या काचेचा ०.८ च्या आसपास असतो, पश्चिमेला ०.४ किंवा त्याखालचा शोधा. आकडा सांगता येत नसेल तर दुकानदार फक्त रंग विकतोय.

माझी काळी काच का फसली, तेही यातच आहे. गडद काच ऊन परत पाठवत नाही, स्वतः पिते आणि तापून आत सोडते. शिवाय छज्ज्याच्या सावलीने तिचा वरचा भाग गार आणि खालचा गरम राहिला की ती कडेपासून तडकू शकते. उन्हात गडद काच लावायचीच असेल तर टफन, म्हणजे भट्टीत तापवून मजबूत, करून घ्या. टफन काच नंतर कापता येत नाही, त्यामुळे माप चुकलं की काच गेली. आरशासारखी चमकणारी काच दिवसा बाहेरच्यांची नजर अडवते, पण रात्री आत दिवा लागला की सगळं उलटं होतं आणि घर रस्त्यावर उघडं पडतं. तिथं पडदा लागतोच.

दुहेरी काचेचा आग्रह झाला तर विचारा, घरात एसी किती तास चालणार? ज्या खोलीची खिडकी रात्रभर उघडी असते, तिला दुहेरी काच म्हणजे पैसे पाण्यात.

पायरी ८: माप, दरपत्रक, फिटिंग

माप प्लास्टर आणि ग्रॅनाइटची चौकट बसल्यावरच द्या. रुंदी वर, मध्ये, खाली अशी तीन ठिकाणी मोजा, उंचीही तशीच, आणि दोन्ही कर्ण मोजा. कर्णांत दोन सुतांपेक्षा (पाव इंचापेक्षा) जास्त फरक असेल तर चौकट गुण्यात, म्हणजे काटकोनात, नाही, आधी गवंड्याला बोलवा. सगळ्यात लहान माप धरून खिडकी करायची असते. माप फॅब्रिकेटरनेच घ्यावं, तुम्ही दिलेल्या मापावर चूक झाली तर भुर्दंड तुमचा.

खालचा ग्रॅनाइट बाहेरच्या बाजूला किंचित उताराचा हवा. पाणसळ लावून स्वतः बघा. इथली फिटिंगची मंडळी फरशी सपाट बसवायला इतकी सरावलेली असतात, की खिडकीचा दगडही सपाटच बसतो आणि पाणी आत येतं.

दरपत्रक चौरस फुटाच्या दरात येतं. त्यात जाळी, लॉक, रोलर, सिलिकॉन, फिटिंग आणि जीएसटी धरलंय का ते लिहून घ्या. बाथरूमच्या लहान खिडकीला किमान मापाचा दर लावणार का, तेही आधीच विचारा. दोन दुकानांचे दर लावून बघताना सेक्शनची जाडी एकच आहे ना याची खात्री करा, नाहीतर स्वस्त-महाग यातून काहीच कळत नाही.

बसवून झाल्यावर पल्ला एका बोटाने सरकतो का बघा. स्लायडिंगच्या खालच्या ट्रॅकला बाहेरच्या अंगाला पाणी जायची लहान भोकं असतात, ती आहेत का आणि सिलिकॉनने बुजवली नाहीत ना ते काडी घालून तपासा. मग बाहेरून खिडकीवर चांगल्या दोन बादल्या पाणी मारा आणि आत जाऊन दहा मिनिटं थांबा. मेव्हण्याच्या घरी तेव्हा हॉलच्या डाव्या कोपऱ्यातून पाणी आलं होतं. कारागीर म्हणाला, सिलिकॉन अजून ओलं आहे, वाळलं की थांबेल. आम्ही शेवटचा हप्ता खिशातच ठेवला आणि दोन दिवसांनी परत दोन बादल्या मारल्या. पुन्हा आलं. मग त्याने चौकट काढून नवी बसवली.